पार्ल्याची पोटनिवडणूक आणि कायद्यातला एक ‘त्याचा’

विधानसभेचा प्रचार सुरू झाला की माझ्या वर्गात एक प्रश्न हटकून येतो. “मॅडम, उमेदवाराने सभेत धर्माबद्दल, जातीबद्दल बोलायचंच नाही असा कायदा आहे ना?” मागच्या बाकावरून लगेच उत्तर मिळतं, “कुठला कायदा? सगळेच तर बोलतात.” मी निवडणूक कायदा शिकवते, आणि ही दोन्ही वाक्यं दरवेळी मला तितकीच टोचतात, कारण दोन्ही चूक आहेत. दोन्हींचं मूळ एकाच खटल्याच्या अर्धवट आठवणीत आहे. तो खटला मुंबईच्या विलेपार्ल्याचा. म्हणून तो इथे पहिल्यापासून, तारखांसकट मांडते.

निवडणूक आणि तीन भाषणं

१९८५ साली निवडून आलेल्या महाराष्ट्र विधानसभेतली विलेपार्ल्याची जागा रिकामी झाली आणि १३ डिसेंबर १९८७ रोजी तिथे पोटनिवडणूक झाली. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले. तेव्हा ते मुंबईचे महापौर होते. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे हरले. शिवसेना-भाजप युती व्हायला अजून दोन वर्षं होती. हिंदुत्वाच्या नावाने मतं मागण्याचा सेनेचा हा सुरुवातीचाच मोठा प्रयोग होता.

त्या दिवसांत देशाच्या डोक्यात काय चाललं होतं, हे लक्षात घेतल्याशिवाय हा प्रचार समजत नाही. शाहबानो या घटस्फोटित मुस्लिम बाईला नवऱ्याकडून पोटगी देवविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८५चा. तो फिरवणारा, मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांविषयीचा कायदा १९८६चा. त्याच वर्षी फेब्रुवारीत अयोध्येतल्या बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं होतं. पोटनिवडणुकीच्या तीनच महिने आधी, ४ सप्टेंबर १९८७ला, राजस्थानातल्या देवराळा गावात सतीची घटना घडली होती आणि तिच्यावर कायदा करण्याची घाई दिल्लीत सुरू होती. महाराष्ट्रात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली दोन्ही सभागृहांनी मंजूर केला होता, पण अंमलबजावणी अडली होती. धर्म, जात, स्त्रीचे हक्क आणि कायदा यांची गाठ घराघरांत बोलली जात होती. आणि हे विषय आमदाराच्या आवाक्याबाहेरचे मुळीच नव्हते. विवाह, घटस्फोट, वारसा हे समवर्ती सूचीत येतात, म्हणजे राज्याचं विधिमंडळही त्यावर कायदा करू शकतं. पार्ल्याच्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बसवून “घटस्फोटित बाईला पोटगी कोणी द्यायची?” असं विचारलं असतं, तर तो प्रश्न पूर्णपणे रास्त ठरला असता. वादासाठी विषयांची टंचाई नव्हती, हे एवढ्यासाठीच सांगते.

प्रचारात झालं ते वेगळं. २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर आणि १० डिसेंबर १९८७ या तीन तारखांना शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांची डॉ. प्रभूंच्या प्रचारात भाषणं झाली. पहिल्याच भाषणाचा आशय असा होता: ही निवडणूक आम्ही हिंदू धर्माच्या रक्षणासाठी लढतो आहोत, मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही, हा देश हिंदूंचा आहे आणि हिंदूंचाच राहील. पुढच्या दोन भाषणांचा सूरही हाच होता.

कुंटे उच्च न्यायालयात गेले. १९८८ सालची ही पहिली निवडणूक याचिका.

कायदा नेमका काय म्हणतो

लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१चं कलम १२३ ‘भ्रष्ट आचार’ कशाला म्हणायचं ते सांगतं. त्याच्या तिसऱ्या उपकलमाचा गाभा असा: उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा उमेदवाराच्या संमतीने दुसऱ्या कोणीही, एखाद्या व्यक्तीला ‘त्याच्या’ धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या कारणावरून मत द्या अथवा देऊ नका, असं आवाहन करणं. धार्मिक चिन्हांचा वापरही त्यातच येतो. त्यापुढचं उपकलम, ३-अ, या कारणांवरून नागरिकांच्या गटांमध्ये वैर किंवा द्वेष वाढवण्याबद्दल आहे.

इथे तीन गोष्टींवर मी वर्गात बराच वेळ घालवते. पहिली, ‘कारणावरून’ हा शब्द. कायदा विषयाला हात लावत नाही. मत देण्याचं कारण काय म्हणून पुढे केलं, एवढंच तो पाहतो. दुसरी, ‘संमती’. नेता स्वतः उमेदवार नसला तरी त्याच्या बोलण्याची किंमत उमेदवाराला मोजावी लागू शकते. तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते: हा आचार विजयी उमेदवाराने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा त्यांच्यापैकी कोणाच्या संमतीने दुसऱ्या कोणी केल्याचं सिद्ध झालं, तर निकालावर परिणाम झाला होता की नाही हे पाहावंच लागत नाही. मताधिक्य केवढंही असो, निवडणूक रद्द होते. म्हणूनच पुरावाही फौजदारी खटल्याच्या तोडीचा लागतो.

उरला तो ‘त्याच्या’. कोणाच्या? मत मागणाऱ्याच्या, की मत देणाऱ्याच्या? १९६१च्या दुरुस्तीत हा शब्द कलमात आला आणि पुढे पंचावन्न वर्षं न्यायालयं त्याच्याशी झटत राहिली. मराठीत ‘आपल्या’ आणि ‘त्याच्या’ यांत आपण रोज फरक करतो, म्हणून मराठी मुलांना ही अडचण पटकन कळते.

दोन निकाल, एकच दिवस

मुंबई उच्च न्यायालयाने ७ एप्रिल १९८९ रोजी डॉ. प्रभूंची निवड रद्द ठरवली. कलम १२३च्या उपकलम ३ आणि ३-अ, दोन्हींखाली त्यांना दोषी धरलं. ठाकरे उमेदवार नव्हते, म्हणून त्यांना वेगळी नोटीस देऊन, त्यांची बाजू ऐकून, भ्रष्ट आचार करणारी व्यक्ती म्हणून त्यांचंही नाव निकालात नोंदवलं गेलं. दोघंही सर्वोच्च न्यायालयात गेले.

तिथे निकाल लागला ११ डिसेंबर १९९५ला. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या पीठाने दोन्ही अपिलं फेटाळली. उमेदवार हिंदू आहे म्हणून हिंदूंनी त्याला मत द्यावं, असं आवाहन या भाषणांत होतं, आणि इतर धर्मीयांबद्दल वैर वाढवणारा मजकूरही होता, असं न्यायालयाने ठरवलं.

अपिलात एक मोठा युक्तिवाद होता अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. बोलण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे, मग उमेदवाराचं तोंड कायद्याने का बांधायचं? न्यायालयाचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. अनुच्छेद १९(२)मध्ये ‘सभ्यता’ या कारणावरून बंधन घालता येतं. सभ्यता म्हणजे फक्त अश्लीलतेचा अभाव, असा संकुचित अर्थ न्यायालयाने नाकारला. धर्मनिरपेक्ष राज्याच्या निवडणुकीत धर्मावरून मत मागणं हेच सार्वजनिक सभ्यतेच्या विरुद्ध आहे, असं त्याने मानलं. एरवी कायद्यात कोपऱ्यात पडून राहणाऱ्या एका शब्दाला या प्रकरणात इतकं वजन आलं.

या खटल्याची आठवण अर्धवट राहिली ती इथेच. याच निकालपत्रात न्यायालयाने म्हटलं की ‘हिंदुत्व’ किंवा ‘हिंदू धर्म’ हे शब्द नुसते उच्चारले म्हणून भ्रष्ट आचार होत नाही. ते शब्द एका जीवनपद्धतीचाही निर्देश करतात, म्हणून कुठे, कशासाठी, कसे वापरले ते पाहावं लागेल. हे विधान देशभर पोचलं. ‘हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे असं सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं’, हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. त्याच निकालात त्याच शब्दांभोवती झालेली भाषणं दोषी ठरली, वक्त्याचं नाव नोंदवलं गेलं आणि उमेदवाराची निवड रद्दच राहिली, हे सांगणारं मात्र क्वचितच भेटतं. माझ्या मते निकालपत्रातली ती चर्चा जास्त सावधपणे लिहायला हवी होती. ज्या कसोटीने प्रत्यक्ष निकाल दिला, ती वाक्याचा संदर्भ पाहणारी कसोटी त्या एका व्याख्येआड झाकली गेली. २०१६च्या ऑक्टोबरात सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे हा मुद्दा पुन्हा काढण्याचा प्रयत्न झाला, पण तो तपासायला न्यायालय तयार झालं नाही.

त्याच दिवशी आणखी एक निकाल आला आणि गोंधळ वाढला. १९९०च्या निवडणुकीत दादरमधून निवडून आलेले मनोहर जोशी यांची निवडही उच्च न्यायालयाने रद्द केली होती. ११ डिसेंबर १९९५ला ते राज्याचे मुख्यमंत्री होते. शिवाजी पार्कवरच्या सभेत ‘पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल’ अशा आशयाचं विधान त्यांनी केल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने या विधानाला निंद्य म्हटलं, तरीही ते आशा व्यक्त करणारं विधान आहे, धर्माच्या कारणावरून मत मागणारं आवाहन नाही, असं ठरवून जोशींची निवड कायम केली. याचिकेतल्या मांडणीतल्या त्रुटीही त्यांच्या पथ्यावर पडल्या.

विद्यार्थी इथे चिडतात. “म्हणजे हिंदू राज्य म्हटलं तर चालतं?” मी त्यांना दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला लावते. एकात राज्य कसं असावं याबद्दलचं मत आहे. तुम्हाला ते पटो न पटो, त्यावर वाद घालता येतो, ते घटनेत बसत नाही असं त्याच सभेत सांगता येतं. दुसऱ्यात मतदाराला त्याच्या जन्माची आठवण करून दिली जाते आणि समोरच्या मतदारांचा एक गट मोजणीतूनच काढून टाकला जातो. त्यावर उत्तर द्यायला जागाच उरत नाही. ही रेषा मला पटते. दादरच्या विधानाबद्दल न्यायालय थोडं जास्तच उदार झालं असं मला वाटतं, पण कसोटी चुकीची होती असं नाही.

कुंभारवाडा: उलट बाजूचं उदाहरण

हे कलम एकाच धर्माच्या लोकांवर चालतं असा समज असेल, तर मुंबईतल्याच कुंभारवाडा मतदारसंघाचं १९७२चं प्रकरण वाचावं. मुस्लिम लीगचे झियाउद्दीन बुखारी तिथून निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी चागलाही मुसलमानच होते. बुखारींच्या भाषणांचा रोख असा की प्रतिस्पर्धी खरा मुसलमान नाही, इस्लामच्या बाजूने उभा असलेला मीच. पोलिसांनी ही भाषणं ध्वनिफितीवर घेतली होती. फिती व्यवस्थित जपल्या गेल्या होत्या, म्हणून पुरावा म्हणून टिकल्या. निवड रद्द झाली आणि १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं.

या निकालातला विचार मला पार्ल्याच्या निकालापेक्षा स्वच्छ वाटतो. न्यायमूर्ती बेग यांनी मांडलं ते असं: लोकशाही मतदाराच्या सारासार विचारावर चालते, आणि हे कलम त्या विचाराला झाकोळून टाकणाऱ्या आवाहनांना निवडणुकीबाहेर ठेवण्यासाठी आहे. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात बदल हवा की नको, हा १९७२मध्येही खरा प्रश्न होता. दोघा मुस्लिम उमेदवारांनी त्यावर उघड वाद घातला असता, तर कुंभारवाड्यातल्या बायकांना काहीतरी ऐकायला मिळालं असतं. ‘तू खरा मुसलमान नाहीस’ एवढ्यावर भाषण थांबलं, की त्या बायकांचा प्रश्न तिथेच मिटतो. पार्ल्यात हेच घडलं, दुसऱ्या धर्माच्या नावाने.

सांताक्रूझ: ‘त्याच्या’चा निकाल

पार्ल्याशेजारच्या सांताक्रूझमधून १९९० साली भाजपचे अभिराम सिंह निवडून आले. त्यांचीही निवड अशाच आरोपांवरून उच्च न्यायालयाने रद्द केली. अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं, मोठ्या पीठाकडे, मग आणखी मोठ्या पीठाकडे. अखेर २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींनी ‘त्याच्या’ या शब्दाचा अर्थ ठरवला. चार विरुद्ध तीन.

बहुमताने म्हटलं, ‘त्याच्या’मध्ये उमेदवाराबरोबर मतदारही येतो. म्हणजे ‘मी अमुक धर्माचा, मला मत द्या’ हे जसं चालणार नाही, तसं ‘तुम्ही अमुक धर्माचे, म्हणून मला मत द्या’ हेही चालणार नाही. निवडणूक ही धर्मनिरपेक्ष प्रक्रिया आहे, आणि कलमाचा हेतू पाहून अर्थ लावायला हवा, ही त्यांची भूमिका. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, न्यायमूर्ती लोकूर, बोबडे आणि नागेश्वर राव या बाजूला होते.

अल्पमतात न्यायमूर्ती चंद्रचूड, गोयल आणि लळित. चंद्रचूड यांनी लिहिलेलं ते मत मी विद्यार्थ्यांना शब्द न शब्द वाचायला देते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: या देशात माणसांना जातीमुळे, धर्मामुळे, भाषेमुळे अन्याय सोसावा लागला आहे, आणि राज्यघटना स्वतः त्याची दखल घेते. मग ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यापुढे उभं राहून उमेदवाराने त्या अन्यायाचं नावच घ्यायचं नाही का? मतदाराच्या ओळखीचा उल्लेखच गुन्हा ठरवला, तर लोकशाही हवेत तरंगणारी गोष्ट होईल.

माझा कल इथे अल्पमताकडे आहे, आणि तो महाराष्ट्रामुळे आहे. आपल्या विधिमंडळाने गेल्या काही वर्षांत केलेले दोन कायदे घ्या. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा आला. तो जातपंचायतींच्या जुलमामुळे आला, आणि जुलै २०१७पासून अमलात आहे. हे दोन्ही कायदे धर्म आणि जात यांचं नाव न घेता कोणी प्रचारात मागूच शकलं नसतं. ‘तुमच्या पंचायतीने तुमच्या मुलीचं लग्न मोडलं, तुमच्या घरचं पाणी तोडलं, मी हा बहिष्कार गुन्हा ठरवायला लावीन’, असं एखादा उमेदवार त्या समाजाच्या वस्तीत जाऊन म्हणाला, तर तो मतदाराच्या जातीबद्दलच बोलतो आहे. बहुमताच्या निकालाचा अक्षरशः अर्थ लावणारा एखादा वकील उद्या त्यालाही नोटीस काढेल, ही भीती मला वाटते. प्रत्यक्षात न्यायालय असं वाक्य वाचवील असा माझा अंदाज आहे, कारण तिथे मत मागण्याचं कारण अन्याय दूर करणं हे आहे. पण उमेदवाराला हा अंदाज बांधत बसावं लागणं हेच वाईट. प्रामाणिक माणूस अशा वेळी गप्प बसतो.

आरक्षणाचंही तेच. मराठा आरक्षणाचा २०१८चा कायदा, मे २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणं, फेब्रुवारी २०२४मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा, आणि मग नोव्हेंबरात निवडणूक. या प्रश्नावर उमेदवारांनी बोलायलाच हवं होतं. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचं काय करणार, मागासलेपणाची आकडेवारी कशी गोळा झाली, ओबीसींच्या वाट्याला धक्का लागेल का, हे कायद्याचे प्रश्न आहेत. माझी तक्रार उलटी आहे: बहुतेक ठिकाणी यातलं काहीच विचारलं गेलं नाही. कोणत्या गावात कोणाची किती मतं, एवढीच बेरीज झाली.

भाषा: जिथे मराठी माणूस अडखळतो

कलमात ‘भाषा’ही आहे, हे ऐकून वर्ग दचकतो. मग संयुक्त महाराष्ट्र समितीने १९५७ची निवडणूक कशावर लढवली? १ मे १९६०चं राज्य कशावर उभं राहिलं?

याचं उत्तर आजच्या हरियाणातून आलं. झज्जरमधून १९६२ साली लोकसभेवर निवडून आलेल्या जगदेव सिंह सिद्धांती यांच्यावर हिंदी भाषेच्या आंदोलनाच्या आधारे मतं मागितल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६४मध्ये सांगितलं की भाषा जपण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २९मध्ये आहे, त्या हक्कासाठी चळवळ करणं आणि तिचा प्रचार करणं हा भ्रष्ट आचार नव्हे. ‘मराठी शाळा बंद पडू देणार नाही, मला मत द्या’ हे वाक्य म्हणून सुरक्षित आहे. ‘तो आपल्या भाषेचा नाही, त्याला मत देऊ नका’ हे नाही. पहिल्यात भाषेसाठी काही करायचं आहे, दुसऱ्यात भाषेने फक्त माणूस हेरायचा आहे.

वेळ

आता या प्रकरणाची सर्वांत दुखरी बाजू. पहिलं भाषण २९ नोव्हेंबर १९८७चं. मतदानाला चौदा दिवस होते. अंतिम निकाल आला जवळजवळ बरोबर आठ वर्षांनी. ज्या विधानसभेसाठी ती पोटनिवडणूक झाली, तिची मुदत १९९०मध्येच संपली होती. तिच्यानंतरची विधानसभाही संपून १९९५ची बसली होती. रद्द करायला उरलं होतं ते फक्त कागदावरचं. ठाकरे यांना सहा वर्षांसाठी मतदान आणि उमेदवारीतून अपात्र ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश, निवडणूक आयोगाच्या सल्ल्यानंतर, १९९९ साली निघाला. सांताक्रूझच्या बाबतीत तर निवडणूक आणि ‘त्याच्या’चा अर्थ यांच्यात जवळजवळ सत्तावीस वर्षं गेली. उच्च न्यायालयाने निवडणूक याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी, असं कायदा सांगतो. तक्रारदाराला मात्र निकालानंतर पंचेचाळीस दिवसांच्या आतच यावं लागतं. घाई फक्त त्याच्या वाट्याला.

यावर अलीकडे निवडणूक आयोगाचा एक उपाय दिसला. एप्रिल २०१९मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर, आयोगाने योगी आदित्यनाथ यांना ७२ तास आणि मायावतींना ४८ तास प्रचार करायला बंदी घातली. आचारसंहितेत जातीय किंवा धार्मिक भावनांना आवाहन करून मतं मागू नयेत असं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या दोन-तीन दिवसांची किंमत मला आठ वर्षांनंतरच्या निकालपत्रापेक्षा जास्त वाटते, कारण ती मतदानाआधी मोजावी लागते. पण ही बंदी कोणावर, कधी, किती तास, हे दरवेळी एकसारखं ठरत नाही, आणि तोवर तिचा धाक बसणार नाही.

विलेपार्ल्यात १९८७ साली त्या चौदा दिवसांत काय करता आलं असतं, हा प्रश्न मी शेवटच्या तासाला ठेवते. न्यायालय नाही, आयोगाचा आजचा अधिकारही नाही असं धरून. मुलांची उत्तरं बहुतेक एकाच दिशेने जातात: प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्या दिवशी आपल्या सभेत त्याच विषयावर ठोस प्रश्न विचारायचा. धर्माचं रक्षण म्हणजे विधानसभेत कोणतं विधेयक? कोणत्या देवस्थानाचा कायदा बदलणार? पोटगीबद्दल तुमच्या पक्षाचं म्हणणं काय? उत्तर येवो न येवो, प्रश्न वर्तमानपत्रात छापून येतो. एक मुलगी म्हणाली, “पण मॅडम, त्याला हे विचारायचं तर आधी स्वतःच्या पक्षाचं पोटगीबद्दलचं मत सांगावं लागलं असतं.” १९८६चा कायदा केंद्रातल्या काँग्रेस सरकारनेच केला होता. तिचं बरोबर होतं, आणि त्या दिवशी वर्गाला पार्ल्याची निवडणूक पहिल्यांदा नीट समजली असं मला वाटलं. एका बाजूने धर्म पुढे केला, हे खरं. पण दुसऱ्या बाजूलाही पोटगीच्या प्रश्नावर उघड बोलण्यात तोटा दिसत असणार, नाहीतर तीन भाषणांना उत्तर देणं इतकं कठीण नव्हतं.

परीक्षेऐवजी मी एक काम देते. कुठल्याही पक्षाचं, विधानसभेच्या प्रचारातलं एक पूर्ण भाषण घ्यायचं, ओळीने उतरवून काढायचं आणि प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करायची: धोरण, अन्याय, जन्म. २०२४च्या प्रचारातल्या घोषणाही मुलं आणतात, ‘बटेंगे तो कटेंगे’पासून धर्मगुरूंच्या मतदानाच्या आवाहनांपर्यंत. मग वक्ता कोण, सभा कोणाची, उमेदवाराची संमती होती का, मत कोणाला आणि कशासाठी मागितलं, असे प्रश्न एकेक करून लावतो. बरीच वाक्यं पटकन कुठल्या ना कुठल्या रकान्यात जातात. एक वाक्य मात्र दरवर्षी, दर पक्षाच्या भाषणात सापडतं, आणि त्यावर वर्ग दुभंगतो: ‘आपल्या माणसाला निवडून द्या.’ आपला म्हणजे गावचा? पक्षाचा? जातीचा? गर्दीला कळतं, वहीला कळत नाही. गेल्या वर्षी दोन गटांनी त्यावर तासभर वाद घातला आणि शेवटी त्या ओळीपुढे तिन्ही खुणा केल्या. मी त्या पुसल्या नाहीत.